जखमेचे दिवस आणि हिशेबाचे दिवस

९ एप्रिल २०२४ च्या रात्री छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, कुम्हारी ठाण्याच्या हद्दीत, काम आटोपून घरी निघालेल्या कामगारांची बस रस्त्यालगतच्या मुरमाच्या खाणीत कोसळली. किमान १२ जणांचा जीव गेला. जखमींपैकी अनेकांना रायपूरच्या एम्समध्ये नेण्यात आले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मृतांचा आकडा होता, जखमींचा होता, जाहीर झालेल्या मदतीचाही होता. एक आकडा मात्र अशा कोणत्याच बातमीत नसतो. त्या जखमा भरून येईपर्यंत किती वेळा पट्टी बदलावी लागली, किती फेऱ्या झाल्या आणि त्या प्रत्येक फेरीचे पैसे कोणी दिले?

हा प्रश्न किरकोळ वाटतो. शस्त्रक्रिया मोठी घटना असते. तिला तारीख असते, शस्त्रक्रियागृह असते, मोठे बिल असते. पट्टी बदलणे हे तिच्या मागून येणारे शेपूट. परंतु जखम बरी होते ती याच शेपटाच्या काळात, आणि चिघळते तीही याच काळात. या काळाची मोजदाद कशी करायची, त्याला कोणता संकेतांक द्यायचा आणि त्याचा मोबदला कोणाच्या खात्यातून काढायचा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो वैद्यकाचा आहे, संख्याशास्त्राचा आहे आणि मजुरीच्या कायद्याचाही आहे.

▪️ ऋतूप्रमाणे पट्टी

जखमेच्या फेरतपासणीचे वेळापत्रक ही आधुनिक रुग्णालयांची देणगी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी कधी सोडावी याचे स्पष्ट नियम आहेत. बांधलेली पट्टी घाईने दुसऱ्याच दिवशी सोडू नये, तिसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधावी, असे तेथे सांगितले आहे. पुढे ऋतूचा विचार येतो. हेमंत, शिशिर आणि वसंतात तीन दिवसांनी, तर शरद, ग्रीष्म आणि वर्षा ऋतूंत दोन दिवसांनी पट्टी सोडावी. उष्ण आणि दमट हवेत जखम लवकर बिघडते हे निरीक्षण या नियमामागे उघड दिसते. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरील साठ उपक्रमांची मोजणी आहे.

या वेळापत्रकात एक गृहीत आहे आणि ते महत्त्वाचे आहे. फेऱ्यांची संख्या जखम ठरवते, हवामान ठरवते, रोग्याची प्रकृती ठरवते. हिशेबाचा तेथे संबंध नाही. वैद्याचा मोबदला काय असेल तो असो, पण किती दिवसांनंतर जखमेकडे पाहण्याचे थांबवावे अशी बाहेरून आखून दिलेली सीमा तेथे आढळत नाही.

▪️ दर चार दिवसांनी एक रेघ

जखमेचे दिवस गणिताने मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न पहिल्या महायुद्धात झाला. १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवलेला फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल काँपिएन्य येथील लष्करी रुग्णालयात काम करत होता. रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन याच्या सोबतीने त्याने सौम्य हायपोक्लोराइट द्रावणाने जखमा धुण्याची पद्धत बसवली. परंतु पद्धत उपयोगी पडते की नाही हे ठरवायचे कसे? ‘जखम बरी दिसते’ हे वाक्य विज्ञानाला पुरेसे नव्हते.

कॅरेल आणि अ‍ॅलिस हार्टमन यांनी जखमेवर निर्जंतुक पारदर्शक पापुद्रा ठेवून तिची कड पेन्सिलीने आखण्यास सुरुवात केली. ती आकृती कागदावर उतरवून प्लॅनिमीटर नावाच्या उपकरणाने तिचे क्षेत्रफळ काढले जाई. ही मोजमापे घेऊन पिअर लकॉम्त द्यु नुई या जैवभौतिकशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये जखम भरण्याच्या वक्राचे समीकरण मांडले. द्रवांचा पृष्ठताण मोजण्याच्या कड्याच्या पद्धतीमुळे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ज्याचे नाव आजही परिचित आहे, तोच हा द्यु नुई. चार दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांवरून तो जखमेचा निर्देशांक काढी. त्यावरून पुढच्या प्रत्येक चौथ्या दिवशी जखम केवढी असावी याचा अंदाज बांधता येई. निर्देशांक जखमेच्या आकारावर आणि सैनिकाच्या वयावर अवलंबून असे. एकाच आकाराची जखम तरुणाच्या अंगावर लवकर आणि प्रौढाच्या अंगावर उशिरा भरे.

या समीकरणाचा खरा उपयोग ते चुकले की होई. मोजलेला वक्र गणिती वक्रापासून दूर जाऊ लागला की जखमेत जंतू वाढले आहेत असे समजावे. पू दिसण्याची, ताप चढण्याची वाट पाहावी लागू नये. अर्थात त्यासाठी दर चार दिवसांनी कोणीतरी जखमेकडे पाहिले पाहिजे. फेरतपासणीची प्रत्येक भेट म्हणजे वक्रावरचा एक बिंदू. भेट चुकली तर बिंदू चुकतो आणि बिघाड उशिरा कळतो.

पुढील संशोधनाने हे चित्र अधिक भरीव केले. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर याने डुकरांच्या कातडीवरील प्रयोगांतून दाखवले की ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेपेक्षा जलद पसरते. खपली धरू देणे म्हणजे बरे होणे, ही जुनी समजूत त्याने हलवली. टाके काढले म्हणजे जखम पूर्ववत झाली असेही नसते. तीन आठवड्यांनी जखमेच्या जागी मूळ त्वचेच्या सुमारे २०% इतकीच बळकटी आलेली असते आणि कित्येक महिन्यांनंतरही ती सुमारे ८०% च्या पुढे जात नाही, असे शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. शस्त्रक्रियेच्या जागी होणाऱ्या जंतुसंसर्गावर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९२ मध्ये जी व्याख्या केली, तिने शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस धरले. शरीरात धातूची पट्टी किंवा सांधा बसवला असेल तर मुदत एक वर्ष होती. पुढे काही शस्त्रक्रियांसाठी ती ९० दिवस करण्यात आली. विज्ञानाच्या लेखी धोक्याचा काळ एवढा आहे.

▪️ मृत्यूच्या यादीतून जखमेच्या नोंदीकडे

हिशेबाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. आजाराला क्रमांक देण्याची कल्पना मुळात मृत्यू मोजण्यासाठी निघाली. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने इंग्लंडचा विल्यम फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पिन यांच्यावर मृत्यूच्या कारणांची समान यादी करण्याचे काम सोपवले. १८९३ मध्ये शिकागो येथे जाक बर्तियाँ याने जी यादी मांडली, ती आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची पूर्वज होय. त्या यादीत बरा होणाऱ्या माणसाला जागा नव्हती. मृत्यू एकदाच येतो, त्यामुळे एका माणसाला एक संकेतांक पुरे.

१९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती स्वीकारली आणि जिवंत माणसांचे आजार व इजा पहिल्यांदा त्याच यादीत आल्या. आता अडचण उभी राहिली. आजारी माणूस पुन्हा पुन्हा येतो; प्रत्येक खेपेला त्याचा आजार तोच, पण येण्याचे कारण निराळे. दहाव्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. शस्त्रक्रियेच्या पट्ट्या आणि टाके यांची देखभाल, एवढ्याचसाठी झालेल्या भेटीला तेथे झेड ४८.० हा संकेतांक आहे. ज्याला नवा आजार झालेला नाही आणि जो अजून बराही झालेला नाही, अशा माणसाची ही नोंद.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणलेल्या आपल्या आवृत्तीत इजांच्या संकेतांकाला सातवे अक्षर जोडले. सक्रिय उपचार चालू असतील तर ए, जखम भरून येण्याच्या काळातील नेहमीच्या देखभालीसाठी डी आणि मागे राहिलेल्या व्यंगासाठी एस. ए म्हणजे पहिली भेट आणि डी म्हणजे दुसरी, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. अक्षर भेटीच्या क्रमांकावर ठरत नाही, उपचाराच्या अवस्थेवर ठरते. चौथ्या भेटीतही जखमेवर सक्रिय उपचार चालू असतील तर अक्षर ए राहते.

▪️ नव्वद दिवसांची मोट

आजाराचा संकेतांक सांगतो की काय झाले. पैसे मात्र काय केले यावर मिळतात, आणि त्यासाठी दुसरी यादी लागते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये वैद्यकीय कृतींची अशी यादी प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने हार्वर्डच्या विल्यम श्याओ यांच्या संशोधनावर आधारलेले नवे दरपत्रक लागू केले. प्रत्येक कृतीला लागणारा वेळ, कौशल्य आणि ताण यांचे तुलनात्मक माप काढून त्यावरून मोबदला ठरवणे, ही त्यामागची कल्पना.

त्या दरपत्रकात शस्त्रक्रियेची मोट बांधण्यात आली. किरकोळ शस्त्रक्रियेच्या मोबदल्यात पुढचे शून्य किंवा १० दिवस आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या मोबदल्यात पुढचे ९० दिवस समाविष्ट धरले गेले. या मुदतीत त्या शल्यविशारदाकडे झालेल्या नेहमीच्या भेटी, पट्ट्या बदलणे, टाके काढणे यांचे वेगळे बिल करता येत नाही. मेडिकेअरचा नियम याहूनही कडक आहे. जखम चिघळली, पण पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले नाही, तर तो उपचारही मोटेतच मोडतो. अशा भेटीसाठी ९९०२४ हा संकेतांक राखून ठेवलेला आहे. तो नोंदवायचा असतो, पण त्याचा दर शून्य आहे.

शून्य दराचा संकेतांक कोण भरणार? पंचवीस वर्षे मेडिकेअर या भेटींचे पैसे मोटेत घालून देत राहिली. भेटी प्रत्यक्षात किती होतात हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. मोट सोडून प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे द्यावेत असा निर्णय मेडिकेअरने २०१४ मध्ये घेतला. शल्यविशारदांच्या संघटनांनी विरोध केला आणि २०१५ च्या कायद्याने तो थांबवला. मात्र त्याच कायद्याने माहिती गोळा करण्यास सांगितले. १ जुलै २०१७ पासून नऊ राज्यांतील दहा किंवा अधिक डॉक्टर असलेल्या समूहांना ठरावीक शस्त्रक्रियांनंतर ९९०२४ नोंदवणे सक्तीचे झाले. रँड या संशोधन संस्थेने त्या नोंदी तपासल्या. १० दिवसांच्या मोटेतील शस्त्रक्रियांपैकी सुमारे ४% शस्त्रक्रियांनंतरच एखादी तरी भेट नोंदलेली आढळली. ९० दिवसांच्या मोटेत, दर ठरवताना जितक्या भेटी गृहीत धरल्या होत्या त्यांच्या सुमारे ३९% भेटींची नोंद होती.

या आकड्यांचा अर्थ काय लावायचा यावर वाद झाला. भेटी झाल्याच नाहीत असे काहींचे म्हणणे. भेटी झाल्या पण पैसे नसल्याने कोणी नोंदल्या नाहीत असे इतरांचे. दोन्ही शक्य आहे. नोंद नसेल तर न झालेली भेट आणि झालेली पण न लिहिलेली भेट यांत फरक करता येत नाही, हाच या प्रयोगाचा धडा.

▪️ अंगठ्याची किंमत

भारतात जखमेचा हिशेब प्रथम रुग्णालयात मांडला गेला नाही. तो कारखान्यांच्या कायद्यात मांडला गेला. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के घटली असे मानायचे याची यादी आहे. अंगठा गेल्यास ३०%, तर्जनी गेल्यास १४%. अवयवाला भाव होता, मृत्यूला भाव होता, पण कापलेल्या हाताची पट्टी दीड महिना बदलावी लागली तर त्याचा खर्च भरून देण्याची तरतूद भरपाईच्या रकमेत नव्हती. प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च परत मिळण्याचे कलम या कायद्यात आले ते २००९ च्या दुरुस्तीने, जी जानेवारी २०१० मध्ये लागू झाली. मधली ८५ वर्षे कायद्याने जखमेचा शेवट मोजला. तिचा प्रवास मोजला नाही.

प्रवास मोजणारी व्यवस्था दुसरीकडे उभी राहिली. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. १९५४ मध्ये ती मुंबई आणि नागपुरात आली. तेव्हाचे नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि कुम्हारी ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे तो जिल्हाही त्याच राज्यात होता.

या योजनेची रचना पाहण्यासारखी आहे. दवाखान्यातील भेटीला येथे दर नाही. वर्गणी पगारातून आणि मालकाकडून आधीच घेतलेली असते; त्यामुळे पाचव्या पट्टीचा हिशेब पहिल्या पट्टीहून निराळा नसतो. मात्र भेटीची नोंद येथे अत्यंत महत्त्वाची ठरते, कारण ती मजुरीशी जोडलेली आहे. डॉक्टर पहिला दाखला देतात, मग मधले दाखले आणि बरे झाल्यावर अखेरचा दाखला. कामावरील इजेमुळे आलेले तात्पुरते अपंगत्व जितके दिवस टिकेल तितके दिवस रोख लाभ मिळतो. आज त्याचा दर वेतनाच्या ९०% आहे. सातव्या अक्षराने जे काम अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू केले, ते पहिला, मधला आणि अखेरचा या तीन शब्दांनी येथे कित्येक दशके आधी चालू होते. मधल्या दाखल्यामागे माणसाचा पगार उभा होता. म्हणून तो लिहिला जाई.

भिलाईत आणखी एक नमुना होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पोलाद प्रकल्पाबरोबर त्याची वसाहत व रुग्णालय वाढले. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय भाजलेल्या रुग्णांच्या उपचारासाठी मध्य भारतात ओळखले जाते. वितळलेल्या लोखंडाच्या आणि कोक भट्टीच्या शेजारी राबणाऱ्या गावाला असा विभाग लागणारच होता. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या गॅसवाहिनीवर झालेल्या दुर्घटनेत अनेक कामगार भाजून मरण पावले, तेव्हा ही गरज पुन्हा देशाला दिसली. प्रकल्पाच्या कायम कर्मचाऱ्याला पट्टी बदलण्यासाठी संकेतांकाची चिंता नसते. रुग्णालय त्याच्याच संस्थेचे असते. दुर्ग जिल्ह्याच्या तेव्हाच्या दक्षिण टोकाला, दल्ली राजहरा येथे, याच प्रकल्पाला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणींतील मजुरांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय सुरू केले. कोणत्याच खात्यात ज्यांच्या जखमेची नोंद नव्हती, त्यांनी आपले खाते स्वतः उघडले.

▪️ पॅकेज आले

असंघटित मजुरांपर्यंत राज्याचा हिशेब पोहोचला तो २००८ नंतर. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ३०,००० रुपयांचे कार्ड दिले. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम, म्हणजे पॅकेज. या पॅकेजमध्ये दाखल होण्यापूर्वीचा १ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ५ दिवस धरलेले होते.

महाराष्ट्राने निराळा विचार केला. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर यांसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत ९७२ उपचार होते आणि त्यांच्या जोडीला १२१ पाठपुरावा पॅकेजेस. म्हणजे दीर्घकाळ देखभाल लागणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी नंतरच्या भेटींना स्वतःचे नाव आणि स्वतःची रक्कम मिळाली. आंध्र प्रदेशच्या आरोग्यश्री योजनेत ही कल्पना आधीच रुजली होती. इतर शस्त्रक्रियांसाठी घरी सोडल्यानंतरचे १० दिवस मूळ पॅकेजमध्येच होते. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस समाविष्ट. छत्तीसगडमध्ये तिच्या भोवती राज्याची स्वतःची योजना गुंफलेली आहे.

पाच, दहा, पंधरा. दिवस वाढत गेले ही प्रगतीच आहे. परंतु शल्यविशारद जंतुसंसर्गावर पाळत ठेवतात ते ३० दिवस. मधल्या पंधरवड्यात जखम उकलली तर ती हिशेबाच्या लेखी पोरकी असते. पुन्हा दाखल करण्याची वेळ आली तर नवा दावा होऊ शकतो; पण चालत येऊन, पट्टी बदलून, चालत परत जाणाऱ्याचा दावा होत नाही, कारण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णांसाठी आहे. कधी कधी याचा परिणाम उलटा होतो. ज्या जखमेला चार भेटी पुरल्या असत्या, ती दाखल करण्याजोगी होईपर्यंत थांबते.

याला एक लक्षणीय अपवाद आहे आणि तो भाजलेल्या रुग्णांचा आहे. योजनेच्या यादीत भाजण्याच्या उपचारांचा जो गट आहे, त्यात कितीही टक्के भाजलेल्या, पण दाखल करण्याची गरज नसलेल्या रुग्णासाठी स्वतंत्र नोंद आहे, आणि त्या नोंदीच्या वर्णनातच किमान ५ ते ६ पट्ट्या लागतील असे लिहिले आहे. मोठ्या भाजण्याच्या पॅकेजमध्येही नंतरच्या पट्ट्या गरजेप्रमाणे समाविष्ट असल्याचे नमूद आहे. यादी करणाऱ्यांना ठाऊक होते की भाजलेली त्वचा एका भेटीत बरी होत नाही. मग मुरमाच्या खाणीत पडून फाटलेली मांडी, मधुमेहाने चिघळलेला पाय, शस्त्रक्रियेनंतर पाझरणारी पोटाची जखम यांच्या बाबतीत तेच ज्ञान यादीत का उतरू नये?

उत्तर सोपे नाही. प्रत्येक पट्टीला वेगळा दर दिला तर अनावश्यक पट्ट्या वाढतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस दरपत्रकात जखमेच्या पट्टीचा स्वतंत्र दर आहे; तेथे प्रश्न किती वेळा, एवढाच उरतो. सगळे मोटेत बांधले तर पट्ट्या घटतात आणि त्यांची नोंदही घटते. एक पद्धत रुग्णाला वारंवार बोलावण्यास प्रवृत्त करते, दुसरी लवकर निरोप देण्यास. वाईट हेतू दोन्हींत लागत नाही. संकेतांकाची रचनाच ते काम करते.

▪️ कुम्हारीचा रस्ता

कुम्हारी ग्रेट ईस्टर्न रस्त्यावर आहे आणि मुंबई–हावडा लोहमार्गावरही. खारून नदी ओलांडली की रायपूरचे टाटीबंध आणि तेथील एम्स. उलट दिशेला गेले की भिलाईचे सेक्टर ९. याच पट्ट्यात विमा योजनेखाली येणारे कामगार आहेत, कार्डवर उपचार घेणारे मजूर आहेत आणि पोलाद प्रकल्पाचे कर्मचारीही आहेत. एकाच अपघातात एकाच आकाराची जखम झालेली तीन माणसे येथे तीन निराळ्या खात्यांत जाऊ शकतात. एकाची पट्टी संस्थेच्या रुग्णालयात बदलली जाईल, तेथे दिवसांची मर्यादा नाही. दुसऱ्याची दवाखान्यात बदलली जाईल आणि प्रत्येक मधल्या दाखल्याबरोबर त्याच्या वेतनाचा मोठा हिस्सा सुरक्षित राहील. तिसऱ्याची पंधराव्या दिवसापर्यंत योजनेतून बदलली जाईल. सोळाव्या दिवशी त्याला खिसा चाचपावा लागेल आणि त्या दिवसाची मजुरीही बुडेल. द्यु नुईच्या समीकरणात आकार आणि वय होते. आज कुम्हारीतील जखमेचा वक्र काढायचा तर त्यात माणूस कोणत्या खात्यातला, हेही घालावे लागेल.

उपाय नव्या शोधाची वाट पाहत नाही. १४ एप्रिल २०१८ रोजी आयुष्मान भारतातील पहिले आरोग्य व कल्याण केंद्र सुरू झाले ते छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्यात, जांगला येथे. मोठ्या रुग्णालयाने टाके घालावेत आणि घराजवळच्या केंद्राने विनामूल्य पट्टी बदलावी, ही वाट कागदावर उपलब्ध आहे. तुटलेला दुवा नोंदीचा आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर पट्टीच्या तारखा लिहिलेल्या असतील, केंद्रातील प्रत्येक भेट त्याच रुग्णाच्या नोंदीला जोडली जाईल आणि तिला, मोबदला असो वा नसो, स्वतःचा संकेतांक असेल, तर पंधरा दिवस पुरतात की तीस लागतात याचे उत्तर अनुभवाने देता येईल. ९९०२४ च्या प्रयोगाने दाखवले की शून्य दराचा संकेतांक सक्तीविना भरला जात नाही. मधल्या दाखल्याच्या इतिहासाने दाखवले की ज्या नोंदीवर कोणाचा तरी पगार अवलंबून असतो ती नोंद मात्र होते.

तोवर कार्डावर उपचार घेणाऱ्या घरांनी घरी सोडण्याच्या दिवशी चार गोष्टी विचारून कागदावर घ्याव्यात: पट्टी कोणकोणत्या तारखांना बदलायची, पंधराव्या दिवसापर्यंतच्या पट्ट्या आणि औषधे पॅकेजमध्ये आहेत ना, त्यानंतर कोणत्या सरकारी केंद्रात जायचे आणि जखमेत कोणता बदल दिसला तर तारखेची वाट न पाहता परत यायचे. पैसे मागितले गेल्यास योजनेचा १४५५५ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. जखम लाल होऊन तापू लागली, पाझरू लागली किंवा तिला वास येऊ लागला, तर दिवस कितवा आहे हे मोजत बसू नये.